हेळव्याच्या वहीतले कालिशकर

गुंडा हेळव्याचा पाय मी मोडला. पुढे आमच्या गावचे लोक ही गोष्ट जरा सांभाळून सांगत. सायकल जुनी होती, उतार होता, बैल मध्येच थांबला, असं काहीबाही जोडत. गुंडाला सांभाळून सांगायची सवय नव्हती. पाय कशानं मोडला असं कुणी विचारलं की तो माझ्याकडे नुसतं बोट दाखवी आणि म्हणे, "ह्या मास्तरनं."

सत्तेचाळीस सालचा माघ महिना. तासगाव-मिरज रस्त्यावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो आणि नुकतीच मिरजेतून जुनी सायकल घेतली होती. विकणाऱ्यानं घंटीची इतकी तारीफ केली की ब्रेकची चौकशी करायचं राहूनच गेलं. गावाबाहेरच्या उतारावर पुढे एक माणूस बैलावर बसून चालला होता. मी जीव खाऊन घंटी वाजवली. जगातला कुठलाही बैल घंटी ऐकून बाजूला होतो किंवा बिचकून पळतो. हा बैल होता तिथे, रस्त्याच्या मधोमध, चारी पाय रोवून उभा राहिला.

तो हेळव्याचा बैल होता, हे मला कुठं माहीत? हेळवी म्हणजे घराण्याच्या पिढ्या सांगणारा. सुगी झाली की तो बैलावर बसून यजमानांच्या गावी येतो, दारात थांबून घंटा वाजवतो आणि त्या घराची वंशावळ म्हणून दाखवतो. मूळपुरुष कुठल्या गावाहून आला, कुणाशी भांडून आला, त्याला किती लेक, त्यातला कोण कुठं गेला आणि तिकडं जाऊन कुठल्या आडनावाचा झाला, पार पाळण्यातल्या पोरापर्यंत. घरधनी त्याबद्दल पायलीभर जोंधळे देतो, कधी घोंगडं, कधी एखादं भांडं. घंटा वाजली की पिढी संपेतो हलायचं नाही, एवढंच त्या बैलाला चौदा वर्षं शिकवलेलं. नाव हरण्या. मी घंटी वाजवली, हरण्या उभा राहिला, मी त्याच्यावर आदळलो, आणि गुंडा त्याच्या पाठीवरून उडून वह्यांच्या पडशीसकट बाजूच्या उसाच्या पाटात पडला. हरण्या शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्या हिशेबी पिढी अजून चालू होती.

पाटातून गुंडाचा पहिला शब्द आला तो "पाय" नव्हता. "वह्या," तो म्हणाला. मी त्याला उचलायला गेलो तर त्यानं माझा हात झटकला आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कागदांकडे बोट केलं. ते बोट मला पुढे फार ओळखीचं झालं.

साठी उलटलेला, उंच, जोंधळ्याच्या वाळक्या ताटासारखा माणूस. त्याला गाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हलायचं नाही म्हणून सांगितलं. गुंडा वाद घालील असं मला वाटलं होतं. त्यानं हुश्श केलं, कूस बदलता येईना म्हणून नुसती मान वळवली आणि झोपला. तीन दिवस झोपला. भाकरीपुरता उठायचा आणि अर्धी खाऊन परत झोपायचा. वॉर्डातली आया मनुबाई, कऱ्हाडजवळच्या मलकापूरची, जिभेनं फटकळ आणि हातानं मऊ, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, की मास्तर, पाय मोडलाय का डोकं, हे एकदा नीट बघून घ्या.

चौथ्या दिवशी तो बोलला. "दमलोय, मास्तर," तो म्हणाला. "चारशे घरांची मेल्याली माणसं डोस्क्यात घिऊन चाळीस वर्सं हिंडतोय. जित्यांचं वज्जं हुत न्हाई. मेल्याल्यांचं हुतं."

गुंडाचं घर जतच्या बाजूला, माळावर. घरी बायको सुलाबाई. एकच लेक, ती म्हसवडला दिलेली. मुलगा नाही, त्यामुळे या वह्या पुढे कुणाकडे जायच्या याचं उत्तर नव्हतं. ही फेरी शेवटची, मग वह्या बांधून आढ्याला टांगायच्या, असं त्यानं घरून निघतानाच ठरवलं होतं. माझ्यामुळे ती शेवटची फेरी शेवटापर्यंतही गेली नाही. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला हिशेब करता येत होता.

प्रायश्चित्त म्हणून माझ्याकडे दोन कामं आली. एक, हरण्याला सांभाळणं. आमच्या शाळेतही घंटा होती. दर तासाला ती वाजली की कडब्यात खुपसलेलं तोंड वर काढून हरण्या ताठ उभा राही, आणि बिगारीतली पोरं घरी जायच्या ऐवजी तो कधी हलतो ते बघत बसत. दुसरं काम, भिजलेली पानं वाळवणं. ती मी वर्गातल्या बाकांवर पसरली. मोडी अक्षर, काळी शाई, कुठं कुठं सगळं पुसून गेलेलं. एका पानावर आठ पिढ्यांचा नुसता निळसर डाग उरला होता. मी जाड पुठ्ठ्याची कोरी वही नेऊन दिली, आणि गुंडा उताण्यानं पडून, वही छातीवर धरून, गेलेली पानं आठवून आठवून परत लिहू लागला.

शेजारच्या खाटेवर पोलंडचे एक गृहस्थ होते. कोल्हापूरजवळ वळिवड्यात लढाईच्या दिवसांत पोलंडच्या निर्वासितांचा कँप वसवला होता. हे त्यातले. पोटाचं ऑपरेशन झालेलं. नाव शिमोन कालिस्की. धर्मानं यहुदी. टोप्या शिवायचा धंदा, त्यामुळे समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी डोक्याचा घेर बघायचे. माझ्याशी इंग्रजीत बोलत. बाकीच्यांशी तीन-चार वर्षांत कोल्हापूरच्या बाजारात गोळा केलेल्या मराठी-हिंदीत. वय पन्नाशीचं असेल, पण दोघं शेजारी पडले की थोरला कोण ते सांगता येत नसे. थकवा दोघांना एकाच मापाचा बसला होता.

कालिस्कींच्या उशाखाली दोन कागद असत. एक छापील यादी, लढाईतून जिवंत राहिलेल्या यहुद्यांची, कुठल्याशा मदतमंडळानं काढलेली. दुसरा एक फॉर्म. कँप आता मोडणार होता. कुणाला कुठं पाठवायचं ते ठरवायला प्रत्येकानं दुसऱ्या देशातल्या आपल्या एका जवळच्या नातलगाचं नाव लिहून द्यायचं होतं, महिनाअखेर. फॉर्मात त्यासाठी एकच रेघ होती. कालिस्की सकाळी यादी काढत, चष्मा लावून तेच एक पान वाचत आणि परत ठेवत. मग फॉर्म काढत, आणि तोही परत ठेवत.

गुंडानं हे चार दिवस बघितलं. माणूस दिसला की त्याचं मूळ विचारायचं, हा त्याचा धंदा, आणि माझ्या मते त्याचा आजारही.

"पाव्हणं, गाव कंचं?" त्यानं विचारलं.

कालिस्कींनी लोज म्हणून सांगितलं. मोठं शहर, कापडाच्या गिरण्या, धूर. गुंडानं मान हलवली, इचलकरंजी समजून. मग मूळ गाव विचारलं. इथं माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी मध्ये पडलो. मी गुंडाला समजावून सांगितलं, की त्यांच्या भाषेत 'स्की' म्हणजे आपलं 'कर'. कालिश नावाचं एक जुनं गाव आहे, तिथले ते कालिस्की, म्हणजे आपल्या भाषेत कालिशकर. तेव्हा मूळ गाव कालिश. मला वाटलं, एवढ्यानं त्याचं समाधान होईल.

"कालिश बगितलंय का त्येनी?" गुंडानं विचारलं.

कालिस्कींनी बघितलं नव्हतं. त्यांच्या बापानंही नाही.

"तर मग," गुंडा मला म्हणाला, "म्हसवडात म्हसवडकर कुणी आसतो का? तितं कुणाला म्हसवडकर म्हणून हाक मारा, आख्खं गाव वळून बघंल. म्हसवड सोडलं की म्हसवडकर हुतो माणूस. कालिश कुणी सोडलं, कवा सोडलं, त्ये इचारतोय मी."

मी हे भाषांतर करून सांगितलं. कालिस्की पहिल्यांदाच गुंडाच्या तोंडाकडे बघू लागले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लोकांत पूर्वी आडनावच नसे. अमक्याचा मुलगा तमका, संपलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारचा हुकूम निघाला, सगळ्यांनी आडनाव घ्या. कारकून टेबल मांडून बसला. पणजोबाला विचारलं, कुठला? तो म्हणाला, कालिशचा. कारकुनानं लिहिलं कालिस्की. एवढंच. त्याच कँपमध्ये आणखी एक कालिस्की आहेत, ते ख्रिश्चन, जुने जमीनदार. त्यांचं आडनाव पिढीजात आणि यांचं कारकुनानं दिलेलं, पण चपराशाला हा फरक कळत नाही, त्यामुळे त्यांची पत्रं यांना येतात. यांची त्यांना जात नाहीत, कारण यांना येतच नाहीत.

हे शेवटचं वाक्य ते हसून बोलले. मनुबाई तेव्हा फरशी पुसत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तिनं फडकं थांबवलं.

गुंडाला दोन कालिस्कींचं नवल वाटलं नाही. पवार मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, म्हणून ते भाऊबंद होत नाहीत. आडनाव टोपीसारखं असतं, मापात आलं की कुणालाही बसतं, असं तो म्हणाला. टोप्यांचं नाव निघाल्यावर कालिस्कींनी भाषांतराची वाट न बघता मान डोलावली. मग त्यांनी आपण होऊन यादी काढली आणि बोट ठेवून दाखवलं. त्यात त्यांच्या आडनावाशी जुळणारी चार नावं होती. एक कालिस्की परका, कुठल्या तरी खेड्यातला. एक कालिस्की, पंधरा वर्षांची मुलगी, बापाचं नाव ओळखीचं नाही. एक नुसता कालिश. चौथं नाव कालिशर, लिओ, गाव इंग्लंडातलं लीड्स, जिवंत नातलग शोधतोय म्हणून कळवलेलं. त्यावर कालिस्कींनी पेन्सिलीनं फुली मारली होती. मी कारण विचारलं. तो जर्मन, ते म्हणाले. यापलीकडे त्यांना काही बोलायचं नव्हतं.

एकोणचाळीस साली लढाई सुरू झाली तेव्हा ते लोजहून पूर्वेकडे निसटले होते. बायको आणि दोन मुलग्यांना, आठ-दहा दिवसांत घेऊन जाईन असं सांगून, मागे ठेवलं. रशियनांनी पकडलं, लाकडं तोडायला उत्तरेला पाठवलं, तिथून इराण, तिथून कराची, तिथून इथं. यादीत बायको नव्हती, मुलगे नव्हते. फॉर्मात 'कोणी नाही' असं लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. चार महिने ते फक्त लिहायचा कंटाळा करत होते.

"कुणी न्हाई आसं घर नसतं," गुंडा म्हणाला आणि झोपला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रश्न सुरू केले.

हे प्रश्न तीन दिवस चालले, कारण तासाभरात कालिस्की थकत आणि गुंडाला डुलकी लागे. मधल्या मधे भाषांतर करून माझा घसा बसला. मला वाटलं होतं, तो नावं विचारील. आजोबाचं नाव, त्याच्या बापाचं नाव. त्यानं नावं विचारलीच नाहीत. त्यानं विचारलं, की तुमच्या घरात वाटणी कधी झाली, आणि कशावरून भांडण झालं. मला हे अप्रशस्त वाटलं आणि मी भाषांतर करायला कां कूं करू लागलो.

"इचारा, मास्तर," तो म्हणाला. "मानसं बापाचं नाव इसरत्यात. वाटणी इसरत न्हाईत. माझ्या वह्यांत दोनशे वर्सांमागल्या एका परातीचं भांडण हाय, आन त्या घरात आजून परातीचं नाव काढलं की बायका बोलायच्या थांबत्यात."

मी विचारलं. कालिस्की वर छताकडे बघत पडले होते. मग त्यांच्या खाटेची लोखंडी पट्टी करकरली. ते हसत होते, टाके दुखतात म्हणून पोटावर हात दाबून.

त्यांच्या आजोबाला एक थोरला भाऊ होता, झेलिग नावाचा. आई वारल्यावर दोघांचं फाटलं. आईची पितळी शमादानं होती दोन, मेणबत्त्या लावायची. त्यांच्यात शुक्रवारी संध्याकाळी घरातली बाई दोन मेणबत्त्या लावते, त्यामुळे ती जोडीनंच असायची. कुणीच जोडी सोडीना. शेवटी एकेक घेतलं. आता एक शमादान म्हणजे कुणाच्याच कामाचं नाही. आजोबांनी बाजारातून दुसरं आणलं, ते वीतभर बुटकं निघालं. कालिस्कींच्या लहानपणी दर शुक्रवारी टेबलावर एक उंच आणि एक बुटकं असं उभं असे, आणि त्याबद्दल विचारलं की आजी उठून स्वयंपाकघरात जाई.

"आन थोरला कुठं गेला?" गुंडानं विचारलं.

सरहद्दीपलीकडे. जर्मन मुलखात.

"तितं त्येला लोक काय म्हनायचे?"

कालिस्कींनी यादी उघडून त्या फुलीवर बोट ठेवलं. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं असं नाही. ते माहीत होतं, फक्त त्या बाजूला त्यांनी बघायचं सोडलं होतं. तिकडं 'कर'ला 'स्की' नाही, 'अर' म्हणतात, हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी हळू. गुंडाला त्यात काहीच अवघड वाटलं नाही. त्याच्या वहीत एकाच बापाचे तीन लेक होते. पुण्याला गेला तो म्हसवडकर, सांगलीकडे आला तो म्हसवडे, आणि अथणीला कानडी मुलखात गेला त्याला लोक नुसतं म्हसवाड म्हणत. तिघांच्या घरी त्यानं जोंधळे घेतले होते.

"त्येला इचारा," तो म्हणाला, "घरात एक उंच, एक बुटकं हाय का."

फॉर्मातल्या त्या रेघेवर कालिस्कींनी लिओ कालिशरचं नाव लिहिलं. लिहिताना पाठ टेकवायला मनुबाईनं उशी उभी केली. यादीतली फुली त्यांनी रबरानं खोडली. लीड्सचं पत्र मी टपालात टाकलं. त्यात शमादानाखेरीज दुसरं काही विचारलेलं नव्हतं.

माझ्या लेखी काम झालं होतं. गुंडाच्या लेखी अर्धंच झालं होतं. मूळ सापडलं, शाखा सापडल्या, म्हणजे आता ते वहीत चढवायला हवं आणि घंटा वाजवून म्हणायला हवं. कालिस्की यजमान नाहीत, त्यांच्या जातीचा हेळवी नाही, असं मी म्हणून बघितलं. तो म्हणाला, की म्हणूनच. त्यानं कोऱ्या वहीत नवं पान काढलं आणि दोन दिवस खपून ते लिहिलं.

म्हणायचा दिवस नेमका मी हरण्याला खुरं दाखवायला मिरजेला आणलं होतं तोच आला. त्याला दवाखान्याच्या फाटकाशी बांधून मी वर गेलो. गुंडा तोंड धुऊन, पागोटं बांधून, प्लास्टरचा पाय पुढे करून बसला होता. त्यानं घंटा वाजवली. खाली खिडकीतून ऐकू गेली असणार, कारण थोड्याच वेळात कुणीतरी ओरडत आलं, की फाटकात एक बैल आडवा उभा आहे आणि डॉक्टरांचा टांगा आत येत नाही. मी काय सांगणार? पिढी संपल्याशिवाय उपाय नव्हता.

गुंडाचा आवाज सूर धरून चालला होता. बोलताना थकलेला माणूस, पण हे म्हणताना थकवा कुठं जाई कोण जाणे. कालिश गावचा मूळपुरुष, त्यानं गाव सोडलं, कारकुनाच्या टेबलापाशी उभा राहिला. त्याचे दोन लेक, झेलिग थोरला, एक शमादान घेऊन सरहद्दीपार गेला, त्याचे वंशज कालिशर, लीड्स गावी नांदतात. धाकट्यानं एक शमादान ठेवलं, एक बुटकं आणलं. त्याचा लेक, त्याचा लेक शिमोन, टोप्यांचा कारागीर. कालिस्की डोळे मिटून ऐकत होते. शब्द कळत नव्हते, पण मधून नावं येत होती, आणि प्रत्येक नावाला ते किंचित मान हलवत होते.

"शिमोनचं दोन ल्योक," गुंडा म्हणाला, "थोरला याकूब, धाकटा दाविद, आईसंगट लोज गावी नांदत्यात."

कालिस्कींनी डोळे उघडले. 'नांदतात' हा शब्द त्यांना एव्हाना कळला होता, लीड्सवाल्यांच्या वेळी मी समजावला होता. ते म्हणाले, "नाही. तिथं कोणी नाही. खलास."

मी गुंडाला हलक्या आवाजात सांगितलं, की ते वाक्य काढ.

"कुणी डोळ्यानं बगितलं?" त्यानं विचारलं.

कुणी नाही.

"कुणी यिऊन सांगितलं?"

कुणी नाही. पण सगळ्यांना माहीत आहे, मी म्हणालो, वर्तमानपत्रांत आलं आहे, लोजमध्ये काय झालं ते.

तेव्हा गुंडानं मला जोतीरामची हकीकत सांगितली. चौदा सालच्या लढाईत कृष्णाकाठच्या एका यजमानाचा हा धाकटा, पलटणीत होता. बसऱ्याला मेला म्हणून तार आली. बायकोनं कुंकू पुसलं. गुंडाचा बाप पिढी सांगायला गेला तेव्हा घरच्यांनी तार दाखवून सांगितलं, याच्या नावावर रेघ मारा. बाप म्हणाला, मेल्याचं सांगायला माणूस लागतो. ज्यानं बघितलं त्यानं, नाहीतर घरच्या धन्यानं, दारात उभं राहून तोंडानं सांगावं, तोवर आमच्या वहीत रेघ मारत नाहीत. घरच्या धन्यानं ते तोंडानं सांगायला तोंड उघडलं आणि त्याला सांगता येईना, म्हणून तो आत निघून गेला. चार वर्षांनी जोतीराम आला. एक कान गेला होता, बाकी धड होता.

"त्येच्या नातवंडांची नावं मी लिवलीत," गुंडा म्हणाला. "भिजली, तुमच्यामुळं. परत लिवतोय."

हे मी कालिस्कींना सांगितलं. त्यांना आवडलं नाही. ते म्हणाले, की म्हाताऱ्याला समजत नाही, तिथं चार-दोन माणसं नव्हती. मग म्हणाले, रेघ मार. गुंडा म्हणाला, की तुम्ही घरधनी आहात, तोंडानं सांगा, याकूब मेला, दाविद मेला. मी हे भाषांतर केलं. आजही मला वाटतं, की ते करायला नको होतं.

कालिस्कींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गुंडा टाक हातात धरून बसून राहिला. त्याचे खांदे खाली आले होते, पागोट्याचा शेव सुटला होता. मनुबाई आली, त्याच्या हातातला टाक काढून घेतला, दौतीला बूच लावलं आणि म्हणाली, "आवं म्हातारबा, पडा आता. लय झालं आजच्याला." खाली मी जाऊन हरण्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा कुठं तो हलला.

संध्याकाळी भाकरी घेऊन गेलो तेव्हा कालिस्कींनी मला जवळ बोलावलं. निघताना याकूब अकरा वर्षांचा होता, दाविद आठचा. म्हणजे आता एकोणीस आणि सोळा. त्यांनी बोटांवर दोनदा मोजलं. हे वय त्या वहीत लिहितात का, असं त्यांनी विचारलं. गुंडा म्हणाला, की लिहीत नाहीत. मग त्यानं लिहिलं.

सोडायच्या दिवशी घरधन्यानं द्यायचं ते कालिस्कींनी दिलं. आपल्या कोटाचं अस्तर उसवून त्यांनी एक टोपी शिवली होती, काळी, पुढे टोक असलेली. गुंडाला ती पागोट्याच्या आत बसली. माप त्यांनी कधी घेतलं होतं ते कुणालाच कळलं नव्हतं. मनुबाई म्हणाली, की आता हेळव्याला दोन डोकी झाली, एकानं पोलंडच्या पिढ्या सांगा, एकानं आमच्या.

ज्येष्ठात लीड्सचं उत्तर वळिवड्याच्या कँपात आलं, आणि कालिस्कींनी ते नक्कल करून मला पाठवलं. आमच्या आजीकडे दोन होती, लिओनं लिहिलं होतं, एक उंच, एक बुटकं, का ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्ही या. दिवाळीनंतर कालिस्की बोटीनं गेले.

मला वाटलं, गोष्ट संपली. पण एकोणपन्नासच्या पौषात माझ्या नावे लीड्सहून जाड लिफाफा आला. ते टोप्या शिवत होते, लिओ भला माणूस होता, हवा वाईट होती. शेवटी लिहिलं होतं, की मंडळाकडून कागद आला. चव्वेचाळीस साली लोजमधून शेवटच्या गाड्या भरून नेल्या, त्यातल्या एका गाडीच्या यादीत तिघांचीही नावं आहेत, गाडी कुठं गेली तेही लिहिलेलं आहे. कागदाची नक्कल जोडली होती, शिक्क्यासह. बैलावरच्या म्हाताऱ्याला सांगा, की आता रेघ मार.

गुंडानं वह्या आढ्याला टांगल्या नव्हत्या. शेवटची फेरी पुरी करायची राहिली म्हणून तो पुढच्या वर्षी परत निघाला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पाय वाकडाच बसला होता. मी त्याला कृष्णेकाठी एका गुऱ्हाळावर गाठलं. हरण्या चिपाडं खात होता, आणि गुंडा त्याच्या सावलीत वाकडा पाय लांब करून, पागोटं उशाला घेऊन, ती काळी टोपी डोळ्यांवर ओढून पडला होता. मी पत्र वाचून दाखवलं. शिक्का दाखवला. गाडीचा नंबरसुद्धा वाचला, मास्तरकीची सवय, काही गाळता येत नाही.

तो उठून बसला. पडशीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली, ते पान काढलं आणि कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिला. याकूब एकोणीस, दाविद सोळा. ओठ हलत होते, बहुतेक दोन वर्षं मिळवत होता. मग त्यानं वही मिटली, दोरी गुंडाळली आणि पडशीत परत घातली.

मी म्हणालो, की गुंडाबा, आता तर बापानंच कळवलंय, शिक्क्याचा कागद आलाय, मग रेघ कधी मारणार?

"त्यो दारात यिऊन सांगंल तवा."